दिलेलं घर परत मागण्याआधी तो दस्त पुन्हा वाचा

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: नागपुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. वय ७२. मानेवाडा भागात खासगी लेआउटमधला, नागपूर सुधार प्रन्यासाचं (नासुप्र) मान्यतेचं पत्र, म्हणजे आरएल, मिळालेला १,५०० चौरस फुटांचा प्लॉट आणि त्यावरचं घर. प्लॉट १९९६ साली नवरा-बायको दोघांच्या नावे घेतलेला. यजमान २०१४ मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. एक मुलगा, एक मुलगी; मुलगी अमरावतीला असते. ‘आई, एकदा नावावर करून टाक, मागून कटकट नको,’ असं मुलाने म्हटल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये बाईंनी संपूर्ण घराचं बक्षीसपत्र त्याला नोंदवून दिलं. त्यावर मुलीची सही नाही आणि तिने हक्कसोडही दिलेलं नाही. आता मुलगा-सून वरच्या मजल्यावर, बाई मागच्या खोलीत. स्वयंपाक वेगळा झाला, औषधं पेन्शनमधून येतात. यंदा मे महिन्यात त्यांच्या खोलीतला कूलर वर नेला, तो परत आला नाही. प्लॉट बिल्डरला द्यायची बोलणी चालू असल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं. ओळखीचा एक दस्तलेखक ५०० रुपयांच्या मुद्रांकावर रद्दलेख करून देतो म्हणतो. मुलगी म्हणते, रद्द कर आणि माझ्या नावावर कर. बाई विचारतात: ‘घर मी दिलं, मग मला परत घेता येणार नाही का? आणि त्यासाठी पोराला तुरुंगात घालावं लागेल का?’

बाई,

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याच्या भीतीने पहिला अडून राहिला आहे. बक्षीसपत्र रद्द करून मागितल्याने मुलगा तुरुंगात जात नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कैदेचा उल्लेख आहे, पण तो वेगळ्या गोष्टींसाठी. निर्वाहाची रक्कम देण्याचा आदेश होऊनही ती थकवली तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत. दिलेली मालमत्ता परत मिळवण्याचं कलम २३ यांपासून स्वतंत्र आहे. तिथे दस्त टिकतो की नाही एवढंच ठरतं, कुणाला शिक्षा होत नाही. तेव्हा ‘पोरावर केस’ हे शब्द तूर्त बाजूला ठेवा.

आता पहिला प्रश्न. ‘घर मी दिलं, म्हणून ते मला परत घेता यावं,’ हे माणूस म्हणून अगदी स्वाभाविक आहे, पण कायदा नेमकं उलट धरून चालतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम १२२ आणि १२३ प्रमाणे बक्षीस पूर्ण व्हायला मोजक्या गोष्टी लागतात: स्वखुशीने आणि मोबदल्याशिवाय दिलेलं असणं, देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने स्वीकारणं, आणि घर-जमीन असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्यांचा नोंदणीकृत दस्त. तुमच्या बाबतीत हे सगळं झालेलं दिसतं. आपल्याकडे बक्षीसपत्रावर घेणाऱ्याचीही सही, फोटो आणि अंगठा असतो, त्यामुळे ‘त्याने स्वीकारलंच नव्हतं’ हा मुद्दा सहसा उरत नाही. ज्या दिवशी दस्त नोंदवला त्या दिवशी तुमची मालकी त्याच्याकडे गेली. किती मालकी गेली, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे आणि तुमच्या नजरेतून तो सुटला आहे. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आधी तो ५०० रुपयांचा रद्दलेख. कृपा करून तो करू नका. देणाऱ्याने एकट्याने सही करून बक्षीसपत्र रद्द होत नाही. तामिळनाडू खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट म्हटलं आहे: बक्षीस स्वीकारलं गेलं असेल आणि परत घेण्याचा हक्क दस्तात राखलेला नसेल, तर नंतर केलेला रद्दलेख निरर्थक ठरतो. असा कागद नोंदवला गेला तरी घर तुमच्या नावावर येत नाही. उलट मुलाला तुमच्याविरुद्ध दिवाणी दावा टाकायला आयतं कारण मिळतं, आणि ‘काम झालं’ या समजुतीत तुमचे महत्त्वाचे महिने निघून जातात. असे रद्दलेख उराशी धरून दोन-तीन वर्षं काढलेले ज्येष्ठ या शहरात कमी नाहीत.

१८८२ च्या कायद्याचं कलम १२६ बक्षीस परत घेण्याच्या दोनच वाटा ठेवतं. एक, दोघांनी आधीच ठरवलेली एखादी घटना घडली तर. ही घटना देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली चालत नाही. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ असं लिहिलं तर तेवढ्यापुरतं बक्षीसच रद्दबातल ठरतं. ‘माझ्याआधी तो निपुत्रिक वारला तर परत घेईन’ हे चालतं. दुसरी वाट म्हणजे करार ज्या कारणांनी मोडता येतो ती कारणं: फसवणूक, दिशाभूल, धाकदपटशा, गैरवाजवी दबाव. यातून एक कारण कायद्याने मुद्दाम वगळलं आहे, मोबदला न मिळणं. म्हणून ‘मी घर दिलं आणि त्याने मला सांभाळलं नाही’ एवढ्यावर १८८२ चा कायदा हलत नाही. फ्रान्स आणि जर्मनीच्या दिवाणी संहितांमध्ये घेणाऱ्याची घोर कृतघ्नता हे बक्षीस परत घेण्याचं कारण आहे, आणि तिथे कृतघ्नता कळल्यापासून एका वर्षाच्या आत पाऊल उचलावं लागतं. आपल्या १८८२ च्या कायद्यात ते नाही. ही उणीव थोडीफार भरून काढण्याचं काम २००७ च्या कायद्याने केलं, तेही एका अटीसह.

ती अट अशी. २००७ च्या कायद्याचं कलम २३ म्हणतं की ज्येष्ठ नागरिकाने, म्हणजे साठ पूर्ण झालेल्या व्यक्तीने, हा कायदा लागू झाल्यानंतर बक्षीसपत्राने किंवा अन्य रीतीने मालमत्ता दिली असेल, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा पुरवाव्यात अशा अटीवर ती दिलेली असेल, आणि घेणाऱ्याने तसं करायला नकार दिला किंवा तो त्यात चुकला, तर ते हस्तांतर फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाने झालं असं मानून देणाऱ्याच्या इच्छेनुसार या कायद्याखालचं न्यायाधिकरण ते शून्य ठरवू शकतं. महाराष्ट्रात हा कायदा १ मार्च २००९ पासून लागू आहे. २०२१ मध्ये तुमचं वय साठच्या पुढे होतं. तेव्हा वय आणि तारीख या दोन्ही पायऱ्या तुम्ही ओलांडल्या आहेत. उरते ती अट.

म्हणून मुलगा आज कसा वागतो याच्या आधी, देताना काय ठरलं होतं, हे विचारलं जाईल. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सांभाळाची अट होती हे आणि ती मोडली हे, दोन्ही अर्जात मांडायला हवं आणि सिद्धही करायला हवं. नातं आई-मुलाचं आहे म्हणून अट आपोआप गृहीत धरता येत नाही. मग २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केलं. तिथे बक्षीसपत्रात मुलगा आईचा सांभाळ करतो असा उल्लेख होता, आणि त्याच दिवशीचं एक वेगळं वचनपत्र होतं: आयुष्यभर सांभाळीन, न सांभाळल्यास आईला परत घेता येईल. हे दोन कागद एकत्र वाचा, हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावा, आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देववू शकतं, असं न्यायालयाने म्हटलं.

तुमच्या पत्रात एक अर्धवट आठवण आहे: दस्तात ‘मुलगा माझा सांभाळ करीत आहे व पुढेही करील अशी खात्री आहे’ असं काहीसं होतं. दस्तलेखकांच्या नमुन्यात हे वाक्य बऱ्याचदा असतं आणि वाद नेमका त्याच्यावरच होतो. ‘खात्री आहे’ म्हणजे अट की नुसती भावना? मुलाचा वकील भावना म्हणेल, तुम्हाला अट म्हणावं लागेल. उच्च न्यायालयांचे निकाल यावर एकमुखी नाहीत; काहींनी अट दस्तात स्पष्ट शब्दांत असायलाच हवी म्हटलं, तर काहींनी आजूबाजूच्या परिस्थितीवरून ती ओळखली. माझ्या मते असं वाक्य दस्तात खरोखर असेल तर अर्ज करण्यासारखा आहे, आणि त्या सुमाराचा दुसरा कागद किंवा संदेश जोडीला मिळाला तर तो चांगलाच भक्कम होतो. वाक्यच नसेल, नुसतं ‘प्रेम व आपुलकीपोटी’ असेल, तर एकट्या कलम २३ वर विसंबू नका.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे दस्ताची प्रमाणित प्रत. मूळ दस्त मुलाकडे असला तरी तो मागायला जाऊ नका, वाद अवेळी पेटेल. ज्या सह दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली तिथे दस्त क्रमांक आणि वर्ष देऊन अर्ज केला की प्रत मिळते. क्रमांक आठवत नसेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये वर्ष, तालुका आणि प्लॉट-खसऱ्याच्या तपशिलावरून सूची क्रमांक दोन (दस्ताच्या नोंदीचा गोषवारा) काढता येते, त्यावर क्रमांक असतो. प्रत हाती आली की पेन्सिल घेऊन बसा. सांभाळाबद्दलचं प्रत्येक वाक्य, ‘हयातीपर्यंत राहण्याचा हक्क’ आहे का, ताबा कधी दिल्याचं लिहिलं आहे, मालमत्तेचं वर्णन ‘संपूर्ण घर’ असं आहे की ‘माझा हिस्सा’ असं, साक्षीदार कोण, यावर खुणा करा. हयातभर राहण्याचा हक्क राखलेला असेल तर ती मोठी ढाल आहे. तसा हक्क राखल्याने बक्षीस अपुरं ठरत नाही, आणि त्या हक्काला डावलून बिल्डरलाही तुम्हाला बाहेर काढता येत नाही. ‘कधीही रद्द करणार नाही’ अशी छापील वाक्यं दिसली तर हबकून जाऊ नका, केवळ त्यांच्यामुळे कलम २३ चं दार बंद होत नाही.

आता तो सुटलेला मुद्दा. प्लॉट तुम्हा दोघांच्या नावे होता. विरुद्ध पुरावा नसेल तर अशा खरेदीत निम्मं-निम्मं धरलं जातं. यजमान मृत्युपत्र न करता गेले. त्यांच्या आई त्या वेळी हयात नव्हत्या असं धरलं, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे त्यांचा अर्धा हिस्सा तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला जातो: प्रत्येकी एक षष्ठांश. म्हणजे २०२१ मध्ये तुमच्याकडे अर्धा अधिक एक षष्ठांश, मिळून चार षष्ठांश होते. मुलाकडे एक षष्ठांश आधीपासून होता. आणि मुलीकडे एक षष्ठांश होता, जो आजही तिचाच आहे. तुम्ही संपूर्ण घर लिहून दिलं असलं तरी जे तुमचं नव्हतं ते तुमच्या सहीने जाऊ शकत नाही. मनपाच्या घरटॅक्सवर, आरएलच्या फाइलमध्ये किंवा आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) मुलाचं एकट्याचं नाव चढलं असेल तरी मुलीचा हिस्सा बुडत नाही, कारण अशा नोंदी मालकी निर्माण करत नाहीत.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. कोणताही जबाबदार बिल्डर करार करण्याआधी वकिलाकडून मालकीचा शोध घेतो. १९९६ चं विक्रीपत्र, यजमानांचा मृत्यू दाखला आणि मुलीची न झालेली सही समोर आली की तो थबकतो. मुलीला तिच्या हिश्शासाठी वाटपाचा दावा आणि तोवर बांधकामाला-विक्रीला मनाई मागता येते, आणि त्यासाठी तुमच्या दस्तात सांभाळाची अट होती की नव्हती याच्याशी काही घेणंदेणं नाही. म्हणून ती सांगते तसं ‘रद्द कर आणि माझ्या नावावर कर’ हे तिच्यासाठीही पहिलं पाऊल नाही.

बिल्डरचा विषय चालू आहे म्हणून घाई इथे आहे. १८८२ च्या कायद्यातल्या कलम १२६ च्या शेवटच्या ओळीत धोका दडलेला आहे: ज्याने पैसे मोजून, या वादाची माहिती नसताना मालमत्ता घेतली, त्याचा हक्क मारला जात नाही. तेव्हा सगळ्यांना माहिती होईल असं बघा. आधी ई-सर्चमध्ये २०२१ नंतरचं प्रत्येक वर्ष तपासा: विकसन करारनामा, विक्री, गहाण, आणि ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’. मूळ कागद बँकेकडे ठेवून कर्ज घेतलं असेल तर ते या शेवटच्या नोंदीतून कळतं. त्यानंतर वकिलामार्फत नागपुरात वाचल्या जाणाऱ्या दोन मराठी दैनिकांत जाहीर सूचना द्या, आणि बिल्डरचं नाव कळलं असेल तर त्यालाही स्पीड पोस्टाने सूचना पाठवून पोच जपून ठेवा. सूचनेत मुलावर आरोप नकोत. प्लॉटचं वर्णन, तुमचा त्यातला राहता ताबा, मुलीचा एक षष्ठांश, बक्षीसपत्राला आव्हान देत असल्याची वस्तुस्थिती, एवढंच पुरे. मुलीने तिची सूचना वेगळी द्यावी. नासुप्र आणि मनपाच्या झोन कार्यालयातही एक-एक प्रत आवक शिक्का मारून द्या.

अर्ज जातो तो न्यायाधिकरणाकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केली की तुमचा भाग कोणाकडे येतो ते कळेल. अर्जात दोन वाक्यं सरळ आणि ठळक हवीत: ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर मी हे घर दिलं’ आणि ‘त्याने ती अट अमुक-अमुक प्रकारे मोडली’. अनेक अर्ज इथेच मार खातात. चार-चार पानं मुला-सुनेच्या वागण्याची तक्रार असते आणि अटीबद्दल चकार शब्द नसतो. मग अधिकारी निर्वाहाचा आदेश देतात किंवा अर्ज फेटाळतात, आणि अपिलात ती उणीव भरून काढणं कठीण जातं.

भंग दाखवताना विशेषणं गाळा, तारखा लिहा. तुमचा कूलर इथे किरकोळ गोष्ट नाही. ज्या शहरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तिथे बाहत्तर वर्षांच्या बाईच्या खोलीतून कूलर नेणं म्हणजे मूलभूत सोय काढून घेणं आहे. कोणत्या दिवशी नेला, तुम्ही कधी मागितला, काय उत्तर मिळालं, उन्हामुळे डॉक्टरकडे जावं लागलं असेल तर त्याचा कागद, हे सगळं जोडा. स्वयंपाक कधी वेगळा झाला, औषधांची बिलं, ती तुमच्या पेन्शन खात्यातून गेल्याचं दाखवणारं पासबुक, खोलीचे फोटो, शेजारच्या एका-दोघांचे प्रतिज्ञालेख. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमधले मुलाचे व्हॉट्सअॅप संदेश मात्र आधी शोधा. ‘आई, तू आयुष्यभर माझ्याजवळच राहशील, काळजी नको’ असा एखादा संदेश मिळाला तर अट सिद्ध करायला त्याचा फार उपयोग होतो. तो फोन बदलू नका, विकू नका, मेमरी रिकामी करू नका.

मागण्या लिहिताना एकच मागू नका. बक्षीसपत्र शून्य ठरवावं, ताबा द्यावा, निकाल लागेपर्यंत विक्री-गहाण-विकसनाला मनाई असावी, आणि हे मान्य न झाल्यास किमान राहण्याचा हक्क सुरक्षित ठेवून निर्वाह द्यावा. निर्वाहाची कायद्यातली कमाल मर्यादा दरमहा १० हजार रुपये आहे. मुलगा म्हणेल, आईला पेन्शन आहे, तिला कशाची गरज? निर्वाहासाठी स्वतःच्या उत्पन्नातून भागत नाही हे दाखवावं लागतं हे खरं. पण कलम २३ च्या शब्दांत उत्पन्नाची अशी अट नाही. हे वाक्य अर्जातच घाला.

निर्वाहाच्या अर्जासाठी नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांची मुदत कायद्यात आहे, अपवादाने आणखी ३० दिवस. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ धरून चाला. निर्णय विरुद्ध गेला तर ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि त्यापुढे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. २००७ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये या कामात वकिलांना मनाई लिहिलेली आहे, तर काही उच्च न्यायालयांनी ती मनाई टिकत नाही असं म्हटलं आहे. म्हणून अर्ज वकिलाकडून लिहून-तपासून घ्या, पण उभं राहून बोलायची तयारी स्वतःची ठेवा. वर्गापुढे आयुष्य काढलेल्या तुम्हाला ते अवघड जाणार नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देतं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

सुनेबद्दल एक गोष्ट. अर्जात तिला प्रतिपक्ष करून घराबाहेर काढा असं मागायचा मोह होईल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं आहे की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा राहत्या घरातला हक्क सरसकट पुसता येत नाही. तिला बाहेर काढण्याची मागणी लढाई लांबवेल आणि तुमचा मूळ मुद्दा झाकोळेल. दुसरीकडे, घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सुनेइतकाच तुमचाही आहे. खोलीतून हुसकावण्याची धमकी आली तर दंडाधिकाऱ्यांकडून राहण्याच्या संरक्षणाचा आदेश तुम्हालाही मागता येतो.

दिवाणी न्यायालयाची वाट तुमच्यासाठी मला कच्ची वाटते. तिथे दबाव किंवा फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि दस्त रद्द करून मागायला मुदत कायद्याप्रमाणे, कारण कळल्यापासून तीनच वर्षं मिळतात. तुम्ही शिकलेल्या आहात, दस्त वाचून सही केली असं तुम्हीच लिहिता. तीन वर्षं उलटली आहेत. पण ज्या वाचकांना मुखत्यारपत्र सांगून बक्षीसपत्रावर सही घेतली गेली, ज्यांचा दस्त आजारपणात झाला, जे पूर्णपणे घेणाऱ्यावर अवलंबून होते, त्यांची गोष्ट वेगळी. खरा कागद ज्या दिवशी कळला तिथून त्यांची तीन वर्षं मोजली जातात. जिथे एकाचा दुसऱ्यावर पूर्ण विश्वास आणि भिस्त असते तिथे व्यवहार सचोटीचा होता हे दाखवण्याचा भार विश्वास मिळवणाऱ्यावर येतो. दस्तलेखकाचे पैसे कोणी दिले, साक्षीदार कोणाचे होते, दस्त वाचून दाखवला का, वेगळा सल्ला मिळाला का, हे प्रश्न तिथे निकाल फिरवतात. असा दावा दाखल केला तर ‘लिस पेंडन्स’ची, म्हणजे मालमत्तेवर दावा चालू असल्याची, नोटीसही निबंधकाकडे नोंदवून घ्या. ज्यांनी साठीच्या आत किंवा मार्च २००९ च्या आधी बक्षीस दिलं, त्यांच्यासाठीही दिवाणी न्यायालयच. आणि मुस्लिम वाचकांच्या हिबाला (बक्षिसाला) १८८२ च्या कायद्याच्या कलम १२९ मुळे वेगळे नियम आहेत, तिथे ताबा प्रत्यक्ष दिला की नाही याला फार महत्त्व असतं. २००७ चा कायदा मात्र सर्व धर्मांच्या ज्येष्ठांना आहे.

बाई, एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला आहे का? तुम्हाला घर परत हवं आहे, की त्या घरात मानाने आणि निर्धास्तपणे राहता यायला हवं आहे? दोन्हींची वाट सारखी नाही. मालकीच हवी आणि मुलगा राजी असेल, तर दोघांनी मिळून रद्दलेख करण्यापेक्षा मुलाने तुम्हाला उलट बक्षीसपत्र करून देणं अधिक पक्कं. त्याचा खर्च माहीत असू द्या. आईने मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये होतं. मुलाने आईला द्यायचं तर ती सवलत नाही. तिथे बाजारमूल्याच्या ३ टक्के लागतात, म्हणजे ६० लाखांवर १ लाख ८० हजार, शहराचा अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. निर्धास्त राहणं पुरेसं वाटत असेल तर मुलाकडून नोंदणीकृत लेख घ्या: तळमजल्यावर हयातभर राहण्याचा हक्क, औषध-जेवणाची ठरलेली रक्कम, आणि इमारत पाडून नवी झालीच तर तुमच्या वापरासाठी एक सदनिका व मधल्या काळाचं भाडं, हे थेट विकसन करारनाम्यात. न्यायाधिकरणाला प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येतं. तिथे झालेला असा लेखी समझोता घरातल्या तोंडी शब्दापेक्षा कितीतरी टिकाऊ असतो. मुलीच्या एक षष्ठांशामुळे तिच्या सहीशिवाय बिल्डरचं काम पुढे सरकत नाही, हे समजलं की मुलगाही बोलायला बसेल असं मला वाटतं. त्या बैठकीला मुलीला सोबत घ्या.

आणि घर परत आलंच, तर ते मुलीच्या नावावर करू नका. ती चांगलीच असेल. पण २०२१ मध्ये मुलगाही तुम्हाला चांगलाच वाटत होता. तुमचा हिस्सा तुमच्याच नावावर राहू द्या आणि मृत्युपत्र करा: दोन साक्षीदार, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक, आणि मन बदललं तर पुन्हा नवीन. जे वाचक अजून सही करायचे आहेत त्यांनाही माझा सल्ला हाच. बक्षीसपत्रच करायचं असेल तर ‘खात्री आहे’ हे शब्द दस्तलेखकाला खोडायला लावा आणि ‘सांभाळाच्या अटीवर देत आहे, सांभाळ न केल्यास हे बक्षीस रद्द करून घेण्याचा हक्क राहील’ असं लिहून घ्या. सांभाळ म्हणजे काय तेही शब्दांत उतरवा: जेवण, औषधोपचार, खोली, वीज, दरमहाची रक्कम. हयातभर राहण्याचा हक्क वेगळ्या परिच्छेदात राखा. ‘घर कधीच विकू नये’ अशी सरसकट बंदी मात्र घालू नका, १८८२ च्या कायद्याचं कलम १० ती टिकू देत नाही.

या आठवड्यात तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात: प्रमाणित प्रतीचा अर्ज, आणि मुलीच्या मदतीने ई-सर्च. प्रत मिळाली की सांभाळाचं वाक्य जसंच्या तसं कळवा. त्यातल्या एका शब्दावर पुढचं बरंच अवलंबून आहे. आणि कूलर आजच मागा, व्हॉट्सअॅपवर, साध्या शब्दांत. आला तर तुमची झोप होईल. नाही आला, तर त्या संदेशाखालची तारीख अर्जाला जोडा.